खासगी समुपदेशनात एआय वापरायचं का, आणि वापरलं तर कुठवर?

मांजराकाठ (लातूर)

हा धागा मराठवाड्यात खासगी समुपदेशन करणाऱ्यांसाठी आहे. मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ, सगळेच या.

गेल्या वर्षभरात बाजारात अशी बरीच ॲप्स आलीत की फोन टेबलावर ठेवायचा, सत्र संपलं की दोन मिनिटांत नोंद तयार. दिवसाला सहा-सात सत्रं आणि रात्री दहाला नोंदी लिहायला बसणं, हे ज्यांच्या वाट्याला आहे त्यांना याचा मोह पडणार हे उघड आहे. लातुरात तर नीटची तयारी करणारी मुलं मोठ्या संख्येनं येतात, त्यातली बरीच १८ च्या आतली.

विचारायचं ते एवढंच. नोंदींसाठी हे वापरावं का? वापरलं तर क्लायंटला नेमकं काय सांगायचं? आणि अल्पवयीन मुलांचं काय? "काळाबरोबर चाला" किंवा "माणसाची जागा यंत्र घेऊ शकत नाही" असली उत्तरं नकोत. कामाचं लिहा.

सिंदफणा (बीड)

आधी कामं वेगळी करा, मग गुंता कमी होतो. ज्या कामात क्लायंट नाहीच, ते पहिलं: माहितीपत्रक, विचारनोंदीचा तक्ता, शाळेतल्या भाषणाचे मुद्दे, फीचा फलक. ज्यात क्लायंटची माहिती आहे, ते दुसरं: नोंद, अहवाल, रेफरलची चिठ्ठी. आणि तिसरं म्हणजे क्लायंटशी तुमच्याऐवजी यंत्रानं बोलणं.

तिसऱ्यावर चर्चाच नको. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की एआयवर चालणाऱ्या यंत्रणेनं रुग्णाला समुपदेशन करायचं नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करू शकते, पण शेवटचा शब्द डॉक्टरचा. त्या सूचना नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत हे खरं. पण डॉक्टरला जे नको म्हटलंय ते समुपदेशकाला चालेल असं कोण म्हणेल? अमेरिकेत इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये असाच कायदा केला. एआयनं थेरपी द्यायची नाही, कार्यालयीन कामाला चालेल, आणि सत्र रेकॉर्ड करून वापरायचं असेल तर लेखी संमती हवी.

पहिल्या कामाला बिनधास्त वापरा. सगळा वाद दुसऱ्याचा आहे.

कयाधू (हिंगोली)

दुसऱ्या कामाबद्दल बोलायचं तर कायद्याच्या आधी भाषा बघा.

आपल्याकडं शेतातल्या कीटकनाशकाला "औषध" म्हणतात. फवारणीचं औषध. "मागच्या पोळ्याला त्यानं औषध घेतलं होतं" असं बायको सांगते, तेव्हा ती आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल सांगत असते. "पिलं" म्हणाली असती तर कळायला सोपं, पण पुष्कळ घरांत "घेतलं" असंच मऊ करून सांगतात. यंत्रानं याचा सारांश केला तर नोंदीत काय येईल? "पूर्वी औषधोपचार घेतले होते." म्हणजे त्या फाईलमधली सगळ्यात धोक्याची ओळ सगळ्यात निरुपद्रवी होऊन बसली. पुढच्या महिन्यात ही फाईल दुसऱ्या कुणी उघडली तर त्याला काही कळणार नाही.

दुसरं, आपलं नकार देणं क्रियापदाच्या पोटात असतं. "झोप येईना गेली", "जेवण जाईना", "जीव लागंना". त्या एका "ना"वर सगळं उभं. आवाजाचं अक्षर करताना तोच निसटला की अर्थ उलटा होतो. आणि "जीव नको झालाय" हे मे महिन्यात उन्हानं वैतागलेला माणूसही म्हणतो आणि खरोखर जीव नको झालेलाही म्हणतो. फरक चेहऱ्यावर असतो, लिहिलेल्या वाक्यात नसतो.

"अंगात येतं", "बाहेरचं झालंय" यावर यंत्र लगेच मोठ्या आजाराचं लेबल लावण्याचीही भीती आहे. धोका दोन्ही बाजूंनी.

पूर्णाकाठ

"औषध घेतलं" हे टेबलाच्या काचेखाली लावून ठेवावं असं आहे.

दुधना (परभणी)

कयाधू ताईंच्या मुद्द्याला तांत्रिक बाजूनं जोड देतो.

आवाजाचं अक्षर करणारं सर्वांत प्रचलित खुलं मॉडेल म्हणजे व्हिस्पर, २०२२ मध्ये आलेलं. पुष्कळ ॲप्सच्या पोटात तेच असतं. त्याची एक खोड समुपदेशनात फार महागात पडते. बोलण्यात लांब थांबा आला की ते कधी कधी न बोललेलं वाक्य स्वतःहून घालतं. २०२४ च्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनितुकड्यांत अशी पदरची वाक्यं सापडली, आणि ज्यांच्या बोलण्यात थांबे जास्त त्यांच्या बाबतीत प्रमाण जास्त होतं. आता आपल्या सत्रात काय असतं? थांबेच असतात. रडणारा माणूस चाळीस सेकंद गप्प बसतो, आणि तिथंच यंत्र काहीतरी लिहून टाकतं. ते वाक्य व्याकरणशुद्ध असतं, म्हणून नजरेत भरत नाही.

शिवाय कोण बोललं हे व्हिस्पर स्वतः सांगत नाही. मायलेकींचं एकत्र सत्र असेल आणि "मला नाही जगायचं" हे वाक्य आलं, तर ते आईचं की मुलीचं? वेगळी प्रणाली जोडून आवाज वेगळे करता येतात, पण दोघी एकदम बोलल्या की तिथंही घोळ.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी निदान आपल्याच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून करावं. मध्यम आकाराच्या मॉडेलची फाईल साधारण दीड जीबीची, मोठ्याची तीन जीबीच्या आसपास. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५० मिनिटांच्या सत्राला तासभर किंवा जास्तही लागू शकतो, म्हणून इन्व्हर्टरवर लावून ठेवा, मध्येच लाईट गेली की परत पहिल्यापासून. सारांशासाठी घरच्या घरी चालणारं भाषा-मॉडेल हवं असेल तर ८ अब्ज पॅरामीटरचं आकार कमी करून बसवलेलं मॉडेल ५ जीबीच्या आसपास जातं. १६ जीबी रॅम असेल तर बरं चालतं, ८ मध्ये रडतखडत. पण लहान मॉडेलचं मराठी कच्चं असतं, आणि आपलं बोलीतलं मराठी तर आणखी कच्चं.

पुसताना मूळ ध्वनिफीत, अक्षरं, रिसायकल बिन आणि आपोआप होणारा क्लाउडवरचा बॅकअप, या चारही जागा बघायच्या. लोक पहिली पुसतात आणि चौथी विसरतात.

तेरणा (धाराशिव)

मला मुळातच रेकॉर्डिंग मान्य नाही, स्थानिक असो की बाहेरचं.

बाई नवऱ्याला "दवाखान्यात जाऊन येते" सांगून आलेली असते. बाहेरच्या बाकावर सासू बसलेली असते. अशा वेळी टेबलावर फोन उताणा ठेवून "रेकॉर्ड करू का?" विचारलं तर ती नाही म्हणणार नाही. आपल्याकडं डॉक्टर, मॅडम, सरांना नाही म्हणायची रीतच नाही. ती मान हलवेल, आणि जे सांगायला आली होती ते सोडून बाकी सगळं सांगेल. ही संमती कागदावर खरी आणि खोलीत खोटी असते.

आणि नोंद लिहिणं हे ओझं आहे असं कुणी ठरवलं? काय महत्त्वाचं होतं, मी काय चुकवलं, पुढच्या वेळी कुठून धरायचं, हे लिहितानाच कळतं. ५० मिनिटांचं सत्र घ्या, पुढची १० मिनिटं मोकळी ठेवा. सहा ओळी पुरतात: आज कशानं सुरुवात झाली, क्लायंटचं एक वाक्य जसंच्या तसं, मनःस्थिती कशी दिसली, जिवाला धोका आहे का आणि तो कसा तपासला, काय केलं, पुढं काय. रात्री दहाला नोंदी लिहायची वेळ येते ती दोन सत्रांमध्ये फट ठेवत नाहीत म्हणून. त्याचा इलाज यंत्र नाही, वेळापत्रक आहे.

खामनदी (छत्रपती संभाजीनगर)

तेरणा ताई, फटीचं पटलं. रेकॉर्डिंगला सरसकट नाही म्हणणं नाही पटलं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकातच सत्रं ध्वनिमुद्रित करून अभ्यासली, आणि समुपदेशनाचं शिक्षण त्यामुळंच बदललं. नवा समुपदेशक सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकाकडून आपलं काम तपासून घेताना, स्वतःच्या आठवणीतून सांगतो तेव्हा तो स्वतःला सोयीचं सांगतो. ध्वनिफीत सोयीचं सांगत नाही. कोण किती वेळ बोललं, प्रश्न उघडे होते की हो-नाहीचे, क्लायंटचं वाक्य किती वेळा तोडलं, हे मोजायला यंत्र चांगलं. यात सारांश नाही, निदान नाही, नुसती मोजणी. ज्या जिल्ह्यात सुपरव्हिजन द्यायला अनुभवी माणूसच नाही, तिथं याचा उपयोग होतो.

अट एवढीच की संमती सुपरव्हिजनसाठी वेगळी घ्यावी, पहिल्या सत्रात कधीच नको, आणि ऐकून झालं की पुसावी.

तेरणा

पहिल्या सत्रात नको हे मान्य. तिसऱ्या-चौथ्या सत्रात, क्लायंट आपल्याला एकदा तरी कशाला तरी "नाही" म्हणालेला असेल तर विचारावं. ज्याला आपल्यासमोर नाही म्हणता येतं त्याचंच हो धरावं.

खामनदी

ही कसोटी चांगली आहे. घेतली.

बालाघाटी (अंबाजोगाई)

"नाव काढून टाकलं की झालं" असं बरेच जण समजतात आणि चॅटजीपीटीला केस सांगून सल्ला विचारतात. त्यांच्यासाठी.

शहरात नाव काढलं की माणूस गर्दीत हरवतो. आपल्याकडं नाही हरवत. "केज तालुक्यातली अंगणवाडी सेविका, नवरा ऊसतोडीला कर्नाटकात, दोन वर्षांपूर्वी मोठा मुलगा विहिरीत गेला." यात नाव कुठं आहे? पण तालुक्यातला कुणीही वाचून सांगेल कोण ते. गाव, तालुका, जात, हुद्दा, तारीख हे तर काढायचंच, पण घटना स्वतःच ओळख असते.

म्हणून सल्ला विचारायचा तर माणसाबद्दल विचारू नका, प्रश्नाबद्दल विचारा. "शोक दोन वर्षांनंतरही तेवढाच तीव्र असेल तर कोणत्या गोष्टी तपासाव्यात?" एवढं पुरतं. वय "तिशीतली", काम "मानधनावरचं", गाव नाहीच. लिहिलेलं त्या गावच्या पोस्टमननं वाचलं तर त्याला कळेल का, असं स्वतःला विचारायचं. कळत असेल तर पाठवायचं नाही.

आणि सेटिंगमध्ये जाऊन आपल्या गप्पा मॉडेल शिकवायला वापरण्याचा पर्याय बंद करा. चॅटजीपीटीत तात्पुरती गप्पा निवडली तरी ती ३० दिवसांपर्यंत त्यांच्याकडं राहू शकते. मे २०२५ मध्ये तर अमेरिकेतल्या एका न्यायालयानं चॅटजीपीटीच्या कंपनीला, ओपनएआयला, वापरणाऱ्यांनी पुसलेल्या गप्पाही जपून ठेवायला लावल्या होत्या. पुढं तो आदेश उठला. पुसलं म्हणजे गेलं असं धरून चालू नका.

वकीलसाहेब_जालना

कायद्याचं थोडक्यात, कारण वर कुणी लिहिलं नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३: गोपनीयता हा रुग्णाचा हक्क. कलम २४ मध्ये हेही आहे की डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही तोच हक्क लागू. म्हणजे "ॲपमध्ये होतं" ही सबब चालत नाही. अपवाद मोजके आहेत, जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, न्यायालयाचा आदेश वगैरे. ॲप कंपनी त्यात नाही. कलम २५ नुसार रुग्ण आपल्या नोंदी मागू शकतो. यंत्रानं लिहिलेलं, तुम्ही न वाचता सही केलेलं त्याच्या हातात पडेल हे ध्यानात ठेवा.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. संमतीची सूचना मराठीतही मिळण्याचा पर्याय द्यावा लागतो. सुरक्षिततेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. छोट्या दवाखान्याला तेवढा होईल असं नाही, पण कायदा छोट्यालाही लागू आहे.

अल्पवयीनांबद्दल: १८ च्या आत पालकाची पडताळता येण्यासारखी संमती हा मूळ नियम. आरोग्यसेवा देणाऱ्यांना मुलाच्या आरोग्यासाठी गरजेपुरती सूट आहे. तुमचा टंकलेखनाचा वेळ वाचावा म्हणून ध्वनिफीत तिसऱ्या कंपनीकडं पाठवणं ही "मुलाच्या आरोग्याची गरज" आहे असं सिद्ध करणं अवघड जाईल. आणि पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा, त्याचं कलम १९ विसरू नका. मुलानं लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर कळवणं बंधनकारक आहे. सारांशात ते "कौटुंबिक तणाव" म्हणून आलं आणि तुम्ही सारांशच वाचलात, तर जबाबदारी तुमची.

मांजराकाठ

हे मोलाचं. १६-१७ च्या मुलांचं रेकॉर्डिंग माझ्या यादीतून आत्ताच बाद.

सिंदफणा

चाचण्यांचं एक राहिलं. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाचणीची बेरीज यंत्राकडून करून घेतात. बेरीज बरोबर येते, घोटाळा पुढं असतो. समजा एकूण गुण ८ आले. ५ ते ९ म्हणजे सौम्य, सारांशात "सौम्य नैराश्य" छापून येतं. पण त्या ८ मधले २ नवव्या प्रश्नाचे असतील तर? नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, आणि २ म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस. एकूण काहीही असो, नवव्यात शून्याच्या वर काही आलं की त्याच बैठकीत तोंडी विचारायचं. म्हणून कागद हातात घेतला की आधी खालून वाचा, मग बेरीज.

कयाधू

आणि पहिल्या प्रकारच्या कामाला "बिनधास्त" म्हणालात, सिंदफणा सर, तिथंही थोडं थांबा.

झोपेचं माहितीपत्रक मागितलं की यंत्र लिहितं: रोज ठरावीक वेळी झोपा, खोली थंड आणि अंधारी ठेवा. शेतीची थ्री फेज लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात माणूस रात्री मोटर चालू करायला जातो. त्याला "रोज दहाला झोपा" लिहिलेला कागद दिला तर तो मुकाट घेऊन घडी करून खिशात ठेवतो आणि परत येत नाही. त्याला रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारची झोप किती घ्यावी, चहा कितीच्या पुढं नको, आणि दिवसाची पाळी आली की परत कसं वळायचं, हे हवं. ते यंत्राला तपशील देऊन लिहून घेता येतं, पण तपशील आपल्यालाच द्यावा लागतो.

भाषाही तशीच. "आपल्या भावना वैध आहेत." वैध? सातबारा वैध असतो. "असं वाटणारच की, कुणालाही वाटलं असतं" असं माणूस बोलतो. पत्रक छापण्याआधी मोठ्यानं वाचा, आणि दवाखान्यातल्या मावशींना वाचून दाखवा. त्या जिथं अडतील ते वाक्य बदला.

पूर्णाकाठ

सगळे आपल्या वापराबद्दल बोलताय. क्लायंट आधीच वापरतात त्याचं काय? वसतिगृहातली मुलं रात्री दोनला चॅटबॉटशी बोलतात.

खामनदी

पहिल्या भेटीच्या अर्जात एक ओळ घाला: "मनातलं बोलायला मोबाईलवरचं एआय वापरता का?" हो असेल तर न रागावता विचारा. कधी, किती वेळ, काय विचारता, ते काय म्हणालं, मरणाबद्दल कधी बोलणं झालं का. जमलं तर शेवटची गप्पा त्यांनाच वाचून दाखवू द्या.

मंत्रचळाच्या (ओसीडी) क्लायंटबाबत विशेष लक्ष ठेवा. खात्री मागणं हाच त्या आजाराचा भाग असतो. "गॅस बंद केला ना?" आई दहाव्या वेळी वैतागते, आणि ते वैतागणंच कुठंतरी लगाम असतं. यंत्र शंभराव्या वेळीही गोड बोलून खात्री देतं. त्यामुळं काही वेळ बरं वाटतं आणि चक्र पक्कं होतं. तेव्हा एआयला विचारणं हीसुद्धा कृती म्हणून मोजायची. दिवसाला किती वेळा ते लिहायला सांगा, मग विचारावंसं वाटलं की आधी १० मिनिटं थांबायचं, पुढं अर्धा तास, त्यापुढं न विचारता झोपायचं. बाकी कृती रोखायचे व्यायाम जसे देतो तसेच.

आणि रात्री दोनसाठी माणसाचा आवाज द्या. टेलीमानस ही सरकारी हेल्पलाईन, १४४१६, चोवीस तास, मराठीत. अर्जाच्या खाली नुसतं छापून भागत नाही, सत्रात बसल्या बसल्या त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावा.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वरचं वाचून संमतीपत्राचा मजकूर असा केलाय, चुका काढा:

"तुम्ही इथं जे बोलाल ते रेकॉर्ड होणार नाही. सत्राची नोंद मी स्वतः करेन. माहितीपत्रकं तयार करायला मी एआयची मदत घेतो. त्यात तुमचं नाव, गाव किंवा तुमची हकिकत जात नाही. पुढं कधी रेकॉर्डिंगची गरज वाटली तर कशासाठी, कुठं राहील आणि कधी पुसलं जाईल हे सांगून वेगळं विचारेन. नाही म्हणालात तरी सत्रं आणि फी यात काही बदल होणार नाही."

तेरणा

चांगलं आहे. "रेकॉर्ड होणार नाही" हे तुमच्या बाजूनं झालं. त्यांच्या फोनचं काय? पालक मुलाच्या खिशात फोन चालू ठेवून आत पाठवतात. "आपण दोघंही रेकॉर्ड करणार नाही" असं करा, आणि फोन बाहेरच्या कप्प्यात. ऑनलाईन सत्र असेल तर मीटिंगच्या ॲपमधलं आपोआप सारांश करणारं बटण बंद आहे का, दर वेळी बघा, अपडेटनंतर ते परत चालू झालेलं असू शकतं.

कयाधू

"हकिकत" ठीक आहे, पण "नोंद" म्हटलं की आपल्याकडं पोलीस ठाणं नाहीतर तलाठी डोळ्यापुढं येतो. "लिहून ठेवेन" म्हणा. आणि एआय म्हणजे काय ते तोंडी सांगा, कागदावर विसंबू नका.

मांजराकाठ

दोन्ही बदल केले. "आपण दोघंही" आणि "लिहून ठेवेन". उद्या छापायला देतो, अक्षर १४ च्या आकाराचं ठेवतोय, चष्मा घरी विसरलेल्यांनाही वाचता आलं पाहिजे.